समजून घ्या : हवा काढून फ्रीजरमध्ये ठेवलेले अन्न किती सुरक्षित?

जालना एमआयडीसीतील पोलाद कारखाने रात्रंदिवस सुरू असतात. तिथे पाळीत काम करणाऱ्यांच्या घरी जेवणाची वेळ घड्याळ नव्हे, पाळी ठरवते. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी आठवड्याचे वाटण करून ठेवायचे, मटणाचे वाटे पाडायचे, वाटाणा सोलून फ्रीजरमध्ये टाकायचा, ही अनेक घरांची सोय झाली आहे. पिशवीतील हवा ओढून तिचे तोंड बंद करणारा घरगुती व्हॅक्यूम सीलर या कामात चांगली मदत करतो. मात्र ‘हवा काढली, आता काही होत नाही’ हा त्याबद्दलचा समज चुकीचा आहे आणि प्रसंगी तो महागात पडू शकतो.

हे यंत्र नेमके काय करते?

यंत्रात दोन भाग महत्त्वाचे असतात. छोटा पंप पिशवीतील हवा बाहेर ओढतो आणि तापणारी पट्टी पिशवीचे तोंड वितळवून चिकटवते. हवेत साधारण २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो कमी झाला की तेल-चरबी खवट होण्याचा वेग मंदावतो, रंग आणि वास जास्त काळ टिकतो. घरगुती यंत्राने सगळी हवा निघत नाही, पण बहुतांश निघते.

पिशवीही साधी चालत नाही. नेहमीच्या पातळ पॉलिथिनमधून ऑक्सिजन हळूहळू आत शिरतो. या कामाच्या पिशवीत नायलॉनचा थर हवा अडवतो आणि आतला पॉलिथिनचा थर उष्णतेने चिकटतो. पिशवीचे तोंड दाबून धरणाऱ्या घरगुती यंत्रांना बहुधा आतून खडबडीत नक्षी असलेली पिशवी लागते, कारण त्या खाचांमधूनच हवा बाहेर पडते. गुळगुळीत पिशवी घेतली तर यंत्र चालते, हवा मात्र अडकून राहते.

फ्रीजरमध्ये अन्न खराब का होते?

गोठलेल्या अन्नातील बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन उडून जाऊ शकतो. पिशवीत मोकळी जागा असेल तर ही वाफ अन्नातून निघून पिशवीच्या आतल्या बाजूला बर्फाचा भुगा होऊन बसते. मटणावर पांढरट, कोरडे चट्टे पडतात, वाटाणा सुरकुततो. असे अन्न विषारी नसते, पण चव आणि पोत जातो. पिशवी अन्नाला घट्ट चिकटलेली असेल तर वाफेला जागाच उरत नाही. फ्रीजरमधला सीलरचा सर्वात मोठा फायदा हाच आहे.

उणे १८ अंश सेल्सिअसला अन्न सलग गोठलेले राहिले तर त्यात जंतू वाढत नाहीत. महिन्यांची जी मुदत सांगितली जाते ती मुख्यतः चवीसाठी असते. साध्या वेष्टनात शिजवलेली भाजी किंवा रस्सा दोन-तीन महिने, खिमा तीन-चार महिने चांगला राहतो. घट्ट सील केल्यास हा काळ वाढतो.

हवा गेली म्हणजे जंतू गेले का?

नाही. हवा काढल्याने जंतू मरत नाहीत आणि गोठवल्यानेही बहुतेक मरत नाहीत, त्यांची फक्त वाढ थांबते. उलट काही जंतूंना हवा नसलेली जागाच सोयीची असते. ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ हा त्यातला सर्वात घातक. मातीत सापडणाऱ्या या जंतूचे बीजाणू भाजीबरोबर घरात येतात आणि साध्या उकळण्याने मरत नाहीत. ओलावा मिळाला, आंबटपणा कमी असला, ऑक्सिजन नसला आणि थंडी अपुरी पडली की ते वाढतात व विष तयार करतात. त्याच्या काही जाती ३ अंशांच्या आसपासही वाढू शकतात. फ्रीजचा खालचा कप्पा साधारण ४-५ अंशांवर असतो, म्हणजे तो या जातींना पूर्ण रोखत नाही. ‘लिस्टेरिया’ हा दुसरा जंतूही फ्रीजच्या थंडीत वाढतो.

सर्वात अडचणीची बाब म्हणजे वास. उघड्या भांड्यातली भाजी आंबली की वासाने कळते. सीलबंद पिशवीत हा वास आणणारे नेहमीचे जंतू दबून राहतात, त्यामुळे धोक्याचा इशारा मिळेलच असे नाही. बोट्युलिझम हा आजार क्वचित होतो, पण झाला तर जीवघेणा ठरू शकतो. लक्षणे बहुधा १२ ते ३६ तासांत दिसतात : धूसर किंवा दोन-दोन दिसणे, पापण्या जड होणे, बोलायला-गिळायला त्रास, अंगातली ताकद जाणे. अशी लक्षणे दिसली तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावे.

मग दुकानातले तयार डाळीचे पाकीट बाहेर कसे टिकते?

ते पाकीट आधी सीलबंद करून मग दाबाखालच्या वाफेत सुमारे १२१ अंशांपर्यंत तापवलेले असते. त्यात बीजाणूही मरतात आणि पाकीट बंद असल्याने नवे आत जात नाहीत. घरी कुकरमध्ये डाळ शिजते खरी, पण नंतर ती उघड्यावर, डावाने पिशवीत भरली जाते. दोन्ही पाकिटे दिसायला सारखी असली तरी घरच्या पाकिटाची जागा फ्रीजरमध्येच.

जालन्याचे बियाणे यातून काय सांगते?

पोलादाइतकीच जालन्याची ओळख बियाण्यांची आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये ‘महिको’ची स्थापना केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाणे टिकवायचे तर ओलावा आणि उष्णता या दोन शत्रूंना दूर ठेवावे लागते, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या जनुक पेढीत आणि नॉर्वेतील स्वालबार्ड येथे २००८ मध्ये सुरू झालेल्या बियाण्यांच्या जागतिक कोठारात बियाणे हवाबंद फॉइलच्या पाकिटांत उणे १८ अंशांवर ठेवतात. म्हणजे पाकीटही बंद आणि थंडीही आपल्या फ्रीजरइतकीच. पण तिथे पाकीट बंद करण्याआधी बियाणे काळजीपूर्वक वाळवलेले असते. डाळ, शेंगदाणे, रवा असे कोरडे पदार्थ सीलबंद पिशवीत फ्रीजबाहेरही चांगले राहतात ते याच कारणाने. रस्सा, पनीर, मासे, शिजलेला भात यांत भरपूर ओलावा असतो. तिथे पिशवी फक्त हवा अडवते, अन्न राखण्याचे काम थंडीच करते.

आपला फ्रीजर उणे १८ अंशांवर असतो का?

असेलच असे नाही. फ्रीजच्या दारावरचे मोठे तारे वीजबचतीचे असतात, ते थंडी सांगत नाहीत. फ्रीजरच्या कप्प्यावर किंवा माहितीपुस्तिकेत वेगळे चांदणीचे चिन्ह असते : एक चांदणी म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२ आणि तीन म्हणजे उणे १८ अंश. एका दाराच्या अनेक फ्रीजमधील बर्फाचा कप्पा उणे १८ पर्यंत पोहोचत नाही. तिथे महिनोन् महिन्यांचा साठा करू नये. फ्रीजरमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर घेतला तर अंदाजावर राहावे लागत नाही.

भरताना काय पाळावे?

• शिजवलेले अन्न दोन तासांत थंड करून गोठवायला ठेवावे. खोलीत ३२ अंशांपेक्षा जास्त तापमान असेल तर ही मर्यादा एक तासाची. जालन्याच्या उन्हाळ्यात म्हणजे एकच तास. पसरट ताटात काढले की लवकर थंड होते. भाताबाबत हे विशेष पाळावे, कारण त्यातील ‘बॅसिलस सिरियस’चे बीजाणू शिजवूनही उरतात.

• गरम पदार्थ सील करू नये. वाफ आत अडकते आणि सीलही नीट बसत नाही.

• वाटाणा दीड मिनिट, पालक दोन मिनिटे, फ्लॉवरचे तुरे तीन मिनिटे उकळत्या पाण्यात धरून लगेच गार पाण्यात टाकावेत आणि कोरडे करून भरावेत. नाहीतर भाजीतील विकरे गोठल्यावरही रंग-चव बिघडवतात. कोबी-फ्लॉवर कच्चे भरले तर त्यांतून निघणाऱ्या वायूने पिशवी फुगते.

• रस्सा, आमरस असे पातळ पदार्थ आधी डब्यात गोठवून त्याची वडी पिशवीत सील करावी. तसेच भरले तर पंप पाणी ओढतो आणि यंत्र बिघडते.

• पिशवी पातळ, सपाट ठेवावी म्हणजे लवकर गोठते. एका वेळच्या जेवणापुरतेच भरावे आणि वर पदार्थाचे नाव व तारीख लिहावी.

• कच्चे मांस-मासे ठेवलेली पिशवी पुन्हा वापरू नये.

काय टाळावे?

कच्चा लसूण आणि मशरूम सीलबंद करून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात किंवा ओट्यावर ठेवू नयेत. दोन्हींचा मातीशी संबंध असतो आणि हवाबंद जागेत बोट्युलिनमला वाव मिळतो. आले-लसणाची पेस्टही सील केली तर थेट फ्रीजरमध्येच जावी. मोसंबीच्या रसाची गोष्ट वेगळी आहे. भौगोलिक मानांकन मिळालेली जालन्याची मोसंबी ताजी गोड लागते, पण काढून ठेवलेला रस काही वेळाने कडवट होतो. हा कडवटपणा रसातल्याच घटकापासून ‘लिमोनिन’ तयार झाल्याने येतो, त्यामुळे हवा काढून तो थांबत नाही.

वीज गेली तर?

अमेरिकेच्या कृषी विभागाच्या सूचनेनुसार पूर्ण भरलेला फ्रीजर दार न उघडल्यास साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंडी धरतो. घरातल्या छोट्या कप्प्याकडून, तेही चाळिशीपार उन्हाळ्यात, इतकी अपेक्षा धरू नये. गावाला जाताना एक सोपी युक्ती करता येते : वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणे ठेवावे. परतल्यावर नाणे तळाला गेलेले दिसले तर मधल्या काळात सगळे वितळून पुन्हा गोठले, असे समजावे. ते अन्न टाकून द्यावे, पिशवी कितीही घट्ट असली तरी. वीज आल्यावर पदार्थात अजून बर्फाचे कण असतील, तर तो पुन्हा गोठवता येतो. चव थोडी उतरते एवढेच.

बाहेर काढताना?

ही पायरी सर्वाधिक विसरली जाते. सीलबंद मटण किंवा मासे वितळवताना रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचे असतील तर आधी पिशवी कापून उघडावी, म्हणजे आत हवा जाते आणि बोट्युलिनमला अनुकूल स्थिती राहत नाही. ओट्यावर तासन् तास वितळवू नये. पूर्वी शिजवलेला पदार्थ खाण्याआधी वाफा येईपर्यंत, मधूनही नीट गरम होईल असा तापवावा. बोट्युलिनमचे विष ८५ अंशांवर पाच मिनिटांत निष्प्रभ होते. मात्र शंका असलेले अन्न उकळून वाचवण्याच्या फंदात पडू नये.

मग यंत्र घ्यावे का?

यंत्राबरोबर पिशव्यांचा खर्च कायम राहतो आणि प्लॅस्टिकचा कचराही वाढतो. आठवड्याभरात संपणाऱ्या साठ्यासाठी घट्ट झाकणाचा डबा किंवा झिपची पिशवी पुरते. झिपची पिशवी तोंड वर धरून पाण्यात बुडवली की पाण्याच्या दाबाने हवा निघते, मग झिप लावायची. मोसमात वाटाणा भरून ठेवणारे, घाऊक मटण-मासे आणणारे किंवा पाळीच्या कामामुळे महिन्याचा साठा करणारे घर असेल आणि फ्रीजरवर तीन चांदण्या असतील, तर सीलरचे पैसे वसूल होतात. फ्रीजर तेवढा थंड होत नसेल, तर सीलरआधी खर्च फ्रीजरवर करावा.