सातबाऱ्यावर त्याचंही नाव हवं

घरातला कर्ता माणूस जातो. तेरावं उरकतं. मग थोरला भाऊ मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे, म्हणजे आजच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारस नोंदीला जातो. भाऊ किती, बहिणी किती, सगळं सांगतो. पण ओसरीवर बसलेल्या मूकबधिर भावाचं किंवा अंध बहिणीचं नाव सांगताना जीभ अडखळते. "त्याला काय करायचीय जमीन? आम्ही हाय की बघायला!" कुठे नावच सांगत नाहीत, कुठे हक्कसोडपत्रावर अंगठा घेतात.

यात दर वेळी लबाडीच असते असं नाही. पुष्कळदा मायाही असते. पण मायेला हक्काची सर येत नाही. आज भाऊ बघतोय, उद्या पुतणे बघतील याची खात्री कोणी द्यावी?

जुन्या हिंदू कायद्यात जन्मांधाला, मूकबधिराला वाटा नव्हता, नुसतं अन्नवस्त्र होतं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने तो भेद पुरता मिटवला. आजार किंवा व्यंग आहे म्हणून कुणाचाही वारसा डावलता येणार नाही, असं त्याचं कलम 28 सांगतं. पुढे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आला. मालमत्ता बाळगण्याचा, वारशाने मिळवण्याचा, आपला पैसा आपण सांभाळण्याचा आणि बँकेचं कर्ज घेण्याचा समान हक्क त्याच्या कलम 13 ने दिला.

याच कलमात आणखी एक मोलाची गोष्ट आहे. दिव्यांगाला व्यवहारात मदत करणाऱ्याचाच त्या व्यवहारात विरोधी हितसंबंध असेल, तर त्याने मदतीतून बाजूला व्हायचं. म्हणजे ज्या भावाला जमीन मिळणार, त्यानेच हक्कसोडपत्र समजावून सांगायचं, हे चालणार नाही.

स्वतंत्र जगणं म्हणजे वेगळी चूल मांडणं नव्हे. शेतात काय पेरायचं, खंडाने कुणाला द्यायचं, आलेले पैसे कशाला लावायचे, यात त्याचा शब्द असणं म्हणजे स्वातंत्र्य. पीककर्ज असो की ठिबकचं अनुदान, आधी सातबाराच मागतात. तिथे नाव नसेल, तर कष्ट करूनही माणूस घरात आश्रितच राहतो.

गावच्या अधिकाऱ्यांनीही ध्यानात घ्यावं. फेरफाराची नोटीस चावडीवर लागते, हरकतीला 15 दिवस मिळतात. पण अंध माणसाला ती वाचता येत नाही आणि मूकबधिराला त्याबद्दल गावात चाललेलं बोलणं ऐकू येत नाही. वारसांत असा कोणी असेल तर घरी जाऊन, त्याला कळेल अशा रीतीने सांगावं. सरपंच, पोलीस पाटील यांना तर कोणत्या घरात कोण आहे हे पाठच असतं.

आणि नाव आधीच राहून गेलं असेल तर? फेरफारात नाव नाही म्हणून वारसाहक्क बुडत नाही. त्यासाठी दाद मागता येते. दिव्यांगाला 1987 च्या कायद्यानुसार सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

यंदा सातबारा काढाल तेव्हा एकदा नावं मोजा. पंगतीला घरची जेवढी माणसं बसतात, तेवढ्या वारसांची नावं कागदावर आहेत का, ते बघा.