शितावरून रानाची परीक्षा

माझी भाची पुण्यात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते. दिवाळीला आली की फराळापेक्षा तिचे प्रश्नच जास्त! यंदा चकलीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "मावशी, तुझ्या बचत गटातल्या आज्या म्हणतात, पूर्वी इथं दाट रान होतं, पाऊस लई होता. खरं कशावरून?"

"अगं, त्यांनी डोळ्यांनी बघितलंय की."

"आणि त्यांच्याही आधीचं?"

मैत्रिणींनो, मी गप्पच झाले. आपल्या धाराशिवला दुष्काळ काही नवा नाही. १९७२ चा घरोघरी ऐकलेला, २०१५-१६ चा तर आपणच टँकरमागे धावत काढलेला. पण त्याआधी हजारो वर्षं काय होतं, हे सांगायला कोण उरलंय?

उरलाय म्हणे फुलांचा पराग! फुलातून उडालेले कण तळ्यात पडतात, गाळाबरोबर थराथरानं पुरले जातात. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या कणाचं कवच इतकं चिवट, की हजारो वर्षं कुजत नाही. ठेवणही कुळाकुळाची निराळी. सूक्ष्मदर्शकाखाली एकेका थरातले तीन-चारशे कण ओळखून मोजायचे आणि शेकडेवारी काढायची. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय!

"पण इथंच फसगत होते," भाची म्हणाली. गवत आपला पराग वाऱ्यावर उधळतं, त्यामुळे तो तळ्यात भरपूर सापडतो. पळसाचं काम पाखरं करतात, बाभळीचं किडे. त्यांचा पराग तळ्यापर्यंत पोचतोच कमी. म्हणजे शंभरात साठ कण गवताचे निघाले, म्हणून रान उघडंबोडकं होतं असं नाही. ज्याचा गलबला जास्त, तोच मोजणीत पुढे.

मग उपाय? आजचा पराग मोजायचा. जिथली झाडं आपण डोळ्यांनी मोजू शकतो, तिथली माती घ्यायची आणि इतक्या झाडांमागे मातीत पराग किती उतरतो ते बघायचं. असे पुष्कळ नमुने झाले की जुन्या थरातली शेकडेवारी एकेकाशी ताडून पाहायची. प्रत्येक वनस्पतीच्या टक्क्यांतला फरक काढून सगळ्यांची मिळून बेरीज करायची. बेरीज जितकी लहान, तितकं ते जुनं रान आजच्या त्या रानाच्या जवळचं. मला तर पत्रिका जुळवल्यासारखंच वाटलं, छत्तीस गुणांची! (पत्रिकेवर माझा विश्वास नाही, यावर मात्र बसला.) कधी कधी कुठलाच जोडीदार जुळत नाही. म्हणजे तसं रान आपल्या नमुन्यांत तरी नाही, असं मान्य करायचं.

आपल्या महाराष्ट्रातच हे झालंय. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या तळातून २००८ मध्ये सुमारे दहा मीटर गाळ काढला. डॉ. सुषमा प्रसाद आणि त्यांच्या जर्मन-भारतीय सहकाऱ्यांनी त्यातून अकरा हजार वर्षांचा पावसाचा इतिहास लावला. तो २०१४ मध्ये छापून आला. नुसता पराग नव्हे, पाणी आटताना तयार होणारे क्षारांचे खडेही त्यांनी तपासले. तेव्हा दोन लांबलचक कोरडे काळ दिसले. एक ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. पुढच्याच वर्षी नील्स रीडेल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यात लोणारच्या आजच्या झाडीचा आणि आजच्या परागाचा मेळ घातला होता.

दुसरा काळ ऐकून माझे कान टवकारले. दोन हजार वर्षांपूर्वी आपलं तेर, म्हणजे तगर, व्यापारानं गजबजलेलं होतं. पण लोणारचा हिशेब तेरला जसाच्या तसा लावायचा नाही, असं भाचीनं लगेच दटावलं. बरं बाई!

रात्री भांडी घासताना मात्र मला २०१६ चा उन्हाळा आठवला. आमच्या मंडळातर्फे एका गावात पाण्याच्या टाक्या द्यायच्या होत्या. मी मारुतीच्या पारावर बैठक घेतली, आलेल्या बायकांची नावं लिहिली, गरज विचारली आणि यादी केली. मोठ्या समाधानानं घरी आले. दोन महिन्यांनी कळलं, की गावाबाहेरच्या वस्तीवरची एकही बाई यादीत नव्हती. त्या बैठकीला येणार कधी? पहाटेपासून विहिरीवर नंबर लावून बसलेल्या. त्यातल्या एकीच्या आठवीतल्या पोरीची शाळा पाण्यापायी सुटली. तिची आई मला एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही आलता म्हणं."

यादी खोटी नव्हती हो. शेकडेवारीही बरोबर होती. पण ती पारावर आलेल्यांची होती, गावाची नव्हे.

भाचीला हे सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, आधी एक आळी आणि एक वस्ती दारोदार मोज. मग बैठक घे. दोन्हीकडच्या किती घरांमागे किती बायका येतात ते कळेल. पुढच्या गावात तोच ताळा धर."

गेल्या महिन्यात कळंब तालुक्यातल्या एका गावात तसं केलं. आळीतल्या चाळीस घरांमागे बैठकीला सव्वीस बायका आल्या. वस्तीवरच्या बत्तीस घरांमागे दोन. त्यातली एक आजी कोपऱ्यात बसून होती, विचारल्याशिवाय बोलली नाही. तिला विचारलं, "आजी, पूर्वी इथं रान होतं का हो?"

"रान व्हतं की," ती म्हणाली. "पर पानी तवाबी लांबच व्हतं."