उपाशी कुत्र्याचं पहिलं जेवण

रस्त्याकडेला बरगड्या मोजता येतील असं कुत्रं दिसलं की आपल्याकडे माणूस आधी टपरी शोधतो. ग्लुकोज बिस्किटांचे दोन-तीन पुडे फोडले जातात, कुणी घरून दूध-पोळी कुस्करून आणतं, आणि कुत्रं ज्या वेगानं ती संपवतं ते पाहून आणणाऱ्याला भरून येतं. दोन दिवस काही न मिळालेल्या गल्लीतल्या कुत्र्याचं त्यानं फारसं काही बिघडत नाही. ते एरवीही असंच काहीबाही खाऊन जगतं. पण आठवडेच्या आठवडे साखळीला किंवा बंद गोठ्यात उपाशी पडलेलं, हाडं-कातडं उरलेलं कुत्रं असेल, तर भलेपणानं वाढलेली हीच पहिली ताटली त्याच्या जिवावर बेतू शकते.

अन्न बंद झालं की शरीर आधी यकृतात साठवलेली साखर संपवतं, मग चरबी आणि शेवटी स्नायू. या काळात इन्शुलिनला फारसं कामच नसतं. फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांचा पेशींमधला साठा हळूहळू आटत जातो, पण रक्तातलं प्रमाण बरेचदा ठीक दिसतं, त्यामुळे पहिला रिपोर्ट पाहून हायसं वाटतं. अशात एकदम साखर आणि पिष्ट पोटात गेलं की इन्शुलिन उसळतं. ते साखरेला पेशींत ढकलतं आणि साखरेबरोबर रक्तात उरलंसुरलं फॉस्फरस, पोटॅशियमही आत खेचून नेतं. रक्तात खडखडाट होतो. तांबड्या पेशी फुटू लागतात, स्नायू लुळे पडतात, हृदयाचा ठोका चुकतो, श्वास घ्यायचं बळ उरत नाही. बहुधा पहिल्या काही दिवसांतच हे घडतं. ‘चांगलं खायला लागलं होतं हो, आणि अचानकच गेलं,’ असं प्राण्यांना सांभाळणारे लोक सांगतात, तेव्हा त्यामागे पुष्कळदा हे कारण असू शकतं. डॉक्टर याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. प्रत्येक उपाशी कुत्र्याला तो होतो असं नाही, पण झाला की सावरणं कठीण.

माणसांच्या बाबतीत हा धडा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकायला मिळाला. १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश फौजेनं बेर्गन-बेल्सेनची छळछावणी मुक्त केली, पण सुटकेनंतरच्या आठवड्यांत तिथे आणखी हजारो माणसं दगावली. टायफसची साथ होतीच. शिवाय सैनिकांनी कळवळून दिलेलं डबाबंद मांस आणि आटवलेलं दूध कित्येकांच्या शरीराला सोसलं नाही. तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी जे पातळ मिश्रण वापरून पाहिलं, ते १९४३च्या बंगालच्या दुष्काळात उपाशी लोकांना दिलं गेलेलं होतं. भूक कशी मोडायची याचा अनुभव आपल्या देशाकडून युरोपात गेला, ही काही मिरवावी अशी गोष्ट नव्हे. पण उपासानंतरचा घास मोजून द्यायचा असतो, हे शहाणपण इतक्या महागात मिळालेलं आहे.

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंकडे सातारा रस्त्यावरून आणलेली लॅब्राडोर मादी होती, तेव्हा हे सगळं जवळून पाहायला मिळालं. ती कुण्या ब्रीडरची असणार. आचळं लोंबलेली, कोपरांवर सिमेंटच्या फरशीवर पडून पडून झालेले जाड घट्टे, मानेभोवती पट्ट्यानं केस झडलेला वळसा आणि वळून तळव्यात घुसू पाहणारी नखं. कंबरेची हाडं अशी वर आलेली, की खुंटीला सदरा अडकवावा तसं कातडं त्यांच्यावर लोंबत होतं. लॅब्राडोर मादीचं वजन २५ ते ३२ किलो असावं. ही भरली १४ किलो. तिला कडेवर घेऊन काकू घरच्या वजनकाट्यावर उभ्या राहिल्या आणि नंतर स्वतःचं वजन वजा केलं. प्राण्यांचा काटा नसेल तिथे ही पद्धत पुरते.

किलोबरोबर डॉक्टर आणखी एक आकडा लिहितात. बॉडी कंडिशन स्कोअर म्हणजे १ ते ९ ची पट्टी, ४-५ म्हणजे सुदृढ, ९ म्हणजे अतिलठ्ठ. बरगड्या, मणके, कंबरेची हाडं लांबूनच दिसत असतील, चरबीचा मागमूस नसेल आणि स्नायूही झिजलेले असतील तर १. ही लॅब्राडोर एकवर होती. याच तपासणीत हिरड्या बघतात. बोटानं दाबून सोडल्यावर पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरड्या मुळातच फिक्या असतील तर रक्त कमी असू शकतं, बरेचदा गोचीड किंवा जंतांमुळे. ताप गुदद्वारातून मोजतात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, त्यामुळे हात लावून ‘अंग गरम लागतंय’ म्हणण्याला अर्थ नाही. उलट अंगावर चरबी नसलेलं कुत्रं गार पडत जातं. त्याला अन्नाच्याही आधी ऊब आणि थोडं थोडं पाणी लागतं. डॉक्टरांनी सलाइन लावलं, बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं आणि रक्त तपासायला पाठवलं. बी-१ आधीच द्यायचं, कारण साखर पचवायला ते लागतं आणि उपासात त्याचाही साठा संपलेला असतो.

मग जेवणाचा हिशेब. कुत्रं नुसतं पडून राहिलं तरी त्याला दिवसाला किती ऊर्जा लागेल, हे काढायचं साधं सूत्र आहे. वजनाला ३० नं गुणायचं आणि ७० मिळवायचे. १४ किलोला ४९०, म्हणजे ढोबळ ५०० किलोकॅलरी. वजन आज आहे ते धरायचं, असायला हवं ते नव्हे. पहिल्या दिवशी या पाचशेचा चौथा ते तिसरा हिस्साच द्यायचा. तोही एका वेळी नाही, चार ते सहा वेळा विभागून. घरच्या भाषेत सांगायचं तर दिवसभरात एक उकडलेलं अंडं आणि ५० ग्रॅम उकडलेलं, बिनहाडाचं, बिनमसाल्याचं चिकन. बस. अंडं आणि मांस यासाठी, की त्यात प्रथिनं आणि फॉस्फरस भरपूर, पिष्ट जवळजवळ नाही. शेजारी दूध-पोळीचा हिशेब मांडून पाहा. चार पोळ्या आणि पाव लिटर दूध म्हणजे साडेपाचशे किलोकॅलरींच्या आसपास, बहुतेक सगळं पिष्ट आणि साखर, आणि तेही एका दमात. शिवाय मोठ्या कुत्र्यांपैकी अनेकांना दुधातली साखर पचत नाही, म्हणजे वर जुलाब. बिस्किटांत १०० ग्रॅममागे साधारण ४५० किलोकॅलरी असतात, मैदा आणि साखरेच्या.

वाटीच्या तळाशी जेमतेम दिसेल एवढंच ते अंडं-चिकन पाहून आमच्या वॉचमनना राहवलं नाही. “काकू, एवढंसंच? उपाशी आहे हो बिचारी.” काकू म्हणाल्या, “म्हणूनच.” त्या दिवसांत गेटवरच्या लोकांनी त्यांना कंजूष ठरवून टाकलं होतं.

रक्ताचे आकडे ठीक असतील तर चार-पाच दिवसांत पूर्ण पाचशेपर्यंत यायचं. थोडा मऊ भात, लाल भोपळा, दही हळूहळू येऊ द्यायचं. जुलाब किंवा उलटी झाली तर एक पायरी खाली. त्यानंतर कुठे वजन वाढवणारं जेवण सुरू होतं. इथे बरेच जण चिकन-भातावरच थांबतात. त्यात कॅल्शियम फार कमी असतं, तेव्हा महिनोन्‌महिने तेवढंच चालणार असेल तर डॉक्टरांकडून पूरक लिहून घ्यावं, नाहीतर सरळ चांगलं तयार खाद्य द्यावं. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट वर्ज्य. शिजवलेल्या कोंबडीची हाडंही नकोत, ती फुटून आतड्यात टोचतात.

नुसतं खाणं मिळालं म्हणून ही कुत्री भरत नाहीत, कारण खाणारं त्यांच्या आत-बाहेर आणखी कुणी असतं. या मादीच्या कानांच्या आत आणि पायांच्या बोटांमध्ये गोचिडींचे घोस होते. त्या रक्त पितात ते वेगळंच. आपल्याकडची तपकिरी गोचीड एर्लिकिया आणि बबेसिया हे आजारही पसरवते. ताप, नाकातून रक्त, अंगावर लाल ठिपके, प्लेटलेट कोसळणं. लोक त्याला सरसकट टिक फीवर म्हणतात. एर्लिकियासाठी डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे द्यावं लागतं. कुत्रं आठवड्यात टवटवीत दिसू लागतं आणि इथेच लोक गोळी सोडतात. गोचीड अंगावर कमी आणि भिंतीच्या फटींत, दाराच्या चौकटीत जास्त असते. ती जागा साफ केली नाही तर औषधाचा पैसा वाया.

लूत लागलेल्या कुत्र्यांवर आपल्याकडे जे उपचार होतात, त्यांची मला खरंच चीड येते. गॅरेजमधलं जळकं ऑइल, रॉकेल, फिनेल. कुत्रं ते चाटतं, कातडीतूनही ते आत जातं, भाजतं आणि यकृत-मूत्रपिंड बिघडवतं. लूत सूक्ष्म किड्यांमुळे होते आणि आता त्यावर तोंडानं द्यायच्या चांगल्या गोळ्या मिळतात. वजनाप्रमाणे मात्रा ठरते, म्हणून ती डॉक्टरांनीच ठरवायची. घरातल्या डब्यातली तापाची किंवा दुखण्याची माणसांची गोळी तर कधीच नाही. पॅरासिटामोल आणि आयब्युप्रोफेन दोन्ही कुत्र्याला विषारी ठरू शकतात. खर्चाचा प्रश्न खरा आहे. परळ, नागपूर, शिरवळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आणि जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने त्यासाठीच असतात. तिथे रांग लागते, पण हातही अनुभवी असतात.

जंताचं औषध, मग अंगात बळ आल्यावर लशी. तोवर घरातल्या दुसऱ्या कुत्र्यापासून वेगळं ठेवायचं. कुत्रं चावलं किंवा ओरबाडलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घ्यायची. इथे दयेला स्थान नाही.

चावण्याची वेळ बहुधा वाटीपाशी येते. ही मादी स्वभावानं लोण्यासारखी मऊ, पण जेवताना कुणी मागून गेलं की अंग ताठ, डोळ्यांचा पांढरा भाग दिसे आणि घशात घरघर. ‘लहानपणापासून ताटलीत हात घालायची सवय लावावी’ असं सांगणारे शहाणे प्रत्येक इमारतीत भेटतात. जिनं घासासाठी पिंजऱ्यात भांडणं केली, तिच्या वाटीत हात घालणं म्हणजे तिची भीती खरी ठरवणं. काकू वाटी कोपऱ्यात ठेवून मागे सरत आणि जाता जाता लांबून चिकनचा एखादा तुकडा टाकत. माणूस जवळ येतो तेव्हा वाटीतलं जात नाही, उलट वाढतं, एवढं तिला पटायला काही आठवडे लागले. गुरगुरण्यावर ओरडू नये हेही त्यांच्याकडूनच समजलं. गुरगुरणं बंद केलेलं कुत्रं इशारा न देता चावतं.

तिची अशी गत करणाऱ्याला शिक्षा काय, असं वाचक विचारतील. १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्याला उपाशी ठेवणं, अवाजवी काळ बांधून ठेवणं आणि उघड्यावर सोडून देणं हे तिन्ही गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. आज त्यात जेमतेम वडापाव येईल. २०१७ च्या श्वानप्रजनन नियमांनुसार ब्रीडरनं नोंदणी करायला हवी आणि दीड वर्षाआधी किंवा आठ वर्षांनंतर मादीला विणवता कामा नये. पिल्लू घेताना नोंदणीचा कागद आणि आई दाखवा असं म्हटलं, तर किती जण फोन ठेवतात ते करून पाहा.

बळ परतायचा क्रम ठरलेला असतो. आधी डोळे आणि शेपूट, मग पोटाजवळ थोडी चरबी, स्नायू सगळ्यांत शेवटी, आणि तेही चालण्याफिरण्यानं, नुसत्या खाण्यानं नव्हे. केस यायला काही महिने जातात. वजन आणि रक्त जागेवर आल्यावर तिची नसबंदी झाली. नसबंदी न झालेल्या माद्यांच्या गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, म्हणून ती टाळायची नव्हती. मग दत्तक.

घेणारं कुटुंब प्रेमळ होतं, आणि लॅब्राडोरच्या बाबतीत हीच काळजीची बाब. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की या जातीतल्या जवळपास चौथ्या हिश्श्याच्या कुत्र्यांत पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि त्यांचं मन खाण्यानं भरतच नाही. त्यात पूर्वी उपाशी राहिलेली मादी, आणि तिची कहाणी ऐकून हळहळणारं घर. पुढच्या लशीच्या वेळी ती काट्यावर चढली ती ३६ किलोची. डॉक्टरांनी पट्टीवर ७ लिहून विचारलं, काय काय देता? सगळे आजोबांकडे बघायला लागले. “अहो, किती सोसलंय तिनं,” आजोबा म्हणाले, “चहाबरोबर एखादा टोस्ट दिला तर काय बिघडतं?” डॉक्टरांनी विचारलं, दिवसातून चहा किती वेळा होतो. आजोबांनी उत्तर द्यायच्या आधीच आजी म्हणाल्या, “पाच.”