खेळाडू कोणाच्या मालकीचा?

हिवाळ्यात अमेरिकेतील बेसबॉलची मैदाने ओस पडतात आणि खेळाडूंच्या संघबदलाची चर्चा रंगते. हे स्वातंत्र्य त्यांना सहजासहजी लाभलेले नाही. पूर्वी करार संपला तरी खेळाडूवरील हक्क संघाकडेच राही. १९६९ साली सेंट लुईसच्या कर्ट फ्लडला न विचारता फिलाडेल्फियाला देण्यात आले. माणूस म्हणजे विकाऊ वस्तू नव्हे, असे बजावून तो न्यायालयात गेला. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात हरला. पण १९७५ च्या डिसेंबरात लवादाने मेसरस्मिथ व मॅक्नॅली या दोघा खेळाडूंना करारमुक्त ठरविले. आज सहा वर्षांच्या सेवेनंतर करार संपलेला खेळाडू स्वतः संघ निवडू शकतो. संघनिष्ठा हा थोर गुण खराच. परंतु ती स्वेच्छेची असेल तरच निष्ठा, असे आम्हांस वाटते.