बांधावरच्या झाडांचा पहिला उन्हाळा



पावसाळ्यात झाड लावणे सोपे, चैत्र-वैशाखात ते जगवणे अवघड. शिवारात फिरताना आम्हांस नेहमी एकच दिसते : सरीत ऊस डोलतो आहे आणि चार हातांवर बांधावरचे आंब्याचे कलम वाळून चालले आहे. मालक म्हणतात, "साहेब, पाणी तर शेजारनंच जातंय की!" पण सरी खाली, बांध वर. नव्या झाडाची मुळे त्या पाण्यापर्यंत पोचलेली नसतात. त्याला वेगळे पाणी द्यावेच लागते.

दुसरी चूक आम्ही स्वतः केलेली आहे. परसातल्या कलमाच्या बुंध्याशी रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी ओतत होतो. वरची दोन बोटे माती ओली, खाली ठणठणीत कोरडी. मुळे वरच राहिली आणि मे महिन्यात कलम गेले. तेव्हा रोज थोडे देऊ नका. एकदाच दोन बादल्या द्या, पण सावकाश मुरू द्या. हलक्या जमिनीत तीन-चार दिवसांनी, काळ्या जमिनीत आठवड्याने पाणी पुरते. आळे बुंध्यापासून हातभर लांब गोल करावे, बुंध्याशी मातीची भर ठेवावी. पाणी सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर द्यावे.

दुपारी पाने मलूल झाली तरी घाबरू नये, ते उन्हाने होते. सकाळीही झाडाने मान टाकलेली असेल, तर खुरप्याने वीतभर उकरून पाहावे. माती कोरडी असेल तर पाणी द्या. चिखल असेल तर पाणी तोडा, मुळे गुदमरली आहेत.

पाण्याची ओढ असेल तेथे भाजलेले साधे मडके आळ्यात गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरून वर झाकण ठेवावे. पाणी पाझरून मुळांशी जाते. मडके रिकामे झाले की पुन्हा भरावे.

आच्छादनाला पाचट घरचेच आहे. तोडणीनंतर आळ्यात चार बोटे जाड थर द्यावा, म्हणजे ओल टिकते. बुंध्याभोवती मात्र वीतभर जागा मोकळी ठेवावी, नाहीतर वाळवी चढते. आणि पाचट पेटवू नका! फडाला लावलेल्या काडीने बांधावरची झाडे होरपळतात. वर्षभराची मेहनत घटकाभरात जाते.

मावळतीच्या बाजूने सावली करावी, काठीचा आधार द्यावा, शेरडांसाठी बाभळीच्या काट्या लावाव्यात. कलमाच्या जोडाखाली फूट आल्यास लगेच खुडावी. ती वाढली तर कलम मागे पडते.

पहिले दोन उन्हाळे निघाले की झाड पुष्कळसे आपले आपण सावरते. अडचण आल्यास आपल्या गटाच्या शेतकी मदतनीसास सांगावे. आम्ही बांधावर येऊन पाहू.

— ऊस विकास अधिकारी