बेन होगन : एक धंदेवाईक गॉल्फपटु

गॉल्फ हा सुखवस्तु लोकांचा खेळ अशी सर्वसाधारण समजूत आहे, व ती अगदींच निराधार नाहीं. विस्तीर्ण हिरवें मैदान, पोतडीभर काठ्या आणि ती पोतडी खांद्यावर वाहण्यास एक पोऱ्या, एवढा सरंजाम ज्या खेळास लागतो तो गरिबाचा कसा असणार? परंतु अमेरिकेंत या खेळावर पोट भरणारा एक वर्ग विसाव्या शतकाच्या आरंभीं उदयास आला, आणि त्यांतील बरेचसे लोक पोतडी वाहणाऱ्या पोऱ्यांतूनच वर आले. या पोऱ्यांस तिकडे कॅडी म्हणतात. बेन होगन हा त्यांच्यापैकींच एक.

खेळाचें स्वरूप वरवर पाहतां पोरखेळासारखें आहे. मुलें गोट्या खेळतांना गल करतात, तशा अठरा खळग्या मैलोन्‌मैल पसरलेल्या मैदानांत केलेल्या असतात. लहानसा कठीण चेंडू काठीनें टोलवीत प्रत्येक खळगींत पाडावयाचा. ज्यास एकंदर टोले कमी लागतील तो जिंकला. मोठ्या स्पर्धेंत असे चार फेरे होतात. त्या काळीं अमेरिकेच्या राष्ट्रीय खुल्या स्पर्धेंत शेवटचे दोन फेरे एकाच दिवशीं खेळावे लागत, आणि एक फेरा म्हणजे चार-पांच मैलांची चाल. ही चालण्याची गोष्ट ध्यानांत ठेवावी. होगनच्या चरित्रांत तिला फार महत्त्व आहे.

होगनचा जन्म १३ ऑगस्ट १९१२ रोजीं टेक्सास संस्थानांत झाला. बाप लोहारकाम करी. १९२२ सालीं त्या बापानें स्वतःवर गोळी झाडून घेतली, तेव्हां बेन नऊ वर्षांचा होता. आई मुलांना घेऊन फोर्ट वर्थ शहरीं राहत होती. बेन आगगाडीच्या स्टेशनावर वर्तमानपत्रें विकूं लागला व अकराव्या वर्षीं ग्लेन गार्डन क्लबांत कॅडी झाला. त्याच क्लबांत त्याच वयाचा बायरन नेल्सन नांवाचा दुसरा कॅडी होता. १९२७ च्या नाताळांत कॅडींची स्पर्धा झाली तींत नेल्सननें होगनला अवघ्या एका टोल्यानें मागें टाकलें. पुढें दोघेही जगप्रसिद्ध झाले. पण नेल्सनला यश लवकर मिळालें आणि होगनला मात्र त्यासाठीं फार वर्षें ताटकळावें लागलें.

शाळा अर्धवट टाकून १९३० सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, तो धंदेवाईक झाला. धंदेवाईक म्हणजे श्रीमंत असें मुळींच नव्हे. बक्षिसाची रक्कम पहिल्या कांहीं जणांतच वांटली जाई. बाकीच्यांस प्रवासखर्चही पदरचा करावा लागे. होगन पैसे संपून एकाहून अधिक वेळां रिकाम्या हातानें घरीं परतला. १९३५ मध्यें त्याचें व्हॅलरी फॉक्स हिच्याशीं लग्न झालें, आणि पुढें हें जोडपें जुन्या मोटारींतून गांवोगांव स्पर्धा करीत हिंडूं लागलें. १९३८ च्या आरंभीं ओकलंड येथें एका सकाळीं पाहतात तों चोरांनीं मोटारीचे टायर काढून नेलेले! खिशांत थोडेच डॉलर उरले होते. त्या स्पर्धेंत त्याला जें लहानसें बक्षीस मिळालें, त्यावर तो या धंद्यांत टिकला.

त्याचा मुख्य दोष असा, कीं जोराचा टोला मारला म्हणजे चेंडू एकाएकीं डावीकडे वळून खालीं उतरे व भलतीकडेच धांवत जाई. हा दोष त्याला ऐन वेळीं दगा देई. त्यावर त्यानें केलेला उपाय म्हणजे सराव. त्या काळीं स्पर्धेपूर्वीं थोडे हात मोकळे करावे, यापलीकडे सरावाचें फारसें प्रस्थ नव्हतें. होगन मात्र दिवस मावळेपर्यंत चेंडूमागून चेंडू टोलवीत उभा राही. दूर उभा केलेला कॅडी ते गोळा करी. या मार्गानें १९४० च्या मार्चमध्यें, म्हणजे धंद्यांत उतरल्यावर दहा वर्षांनीं, पाइनहर्स्ट येथें त्यानें एकट्याच्या बळावर पहिली स्पर्धा जिंकली, आणि लागलीच पुढल्या दोन स्पर्धाही जिंकल्या. त्या वर्षीं व नंतरच्या दोन वर्षीं सर्वांत अधिक बक्षिसें त्यानेंच मिळविलीं.

युद्धकाळांत वैमानिक दलांत नोकरी करून तो परतला, तरी जुना दोष अधूनमधून डोकें वर काढीच. तेव्हां त्यानें आपली सारी पद्धतच पुन्हा तपासली. डाव्या हाताची पकड किंचित् डावीकडे फिरवली, मनगटाची ठेवण बदलली. चेंडू आतां उंच जाऊन, अगदीं थोडासा उजवीकडे झुकून, जागच्या जागीं उतरूं लागला. त्याच्याजवळ एखादें गुपित असावें, अशी लोकांची पुढें समजूत झाली, आणि १९५५ सालीं ‘लाइफ’ साप्ताहिकानें तें मोठ्या गाजावाजानें छापलेंही. खरें म्हणजे सूर्यास्तापर्यंत उघड्या मैदानावर चाललेली गोष्ट गुप्त ती कसली? परंतु गुपित शोधणें हें मेहनतीपेक्षां सोपें असतें.

१९४८ सालीं त्यानें राष्ट्रीय खुली स्पर्धा व धंदेवाइकांची अजिंक्यपद स्पर्धा, दोन्ही जिंकल्या. वय छत्तीस, विद्या नुकती कोठें हस्तगत झालेली. अशा वेळीं २ फेब्रुवारी १९४९ रोजीं सकाळीं, टेक्सासमधील व्हॅन हॉर्न गांवाजवळ, धुक्यांतून समोरून येणारी एक प्रवासी बस मालमोटारीला मागें टाकण्यासाठीं चुकीच्या बाजूनें पुढें आली. बाजूला पूल असल्यामुळें सरकण्यास जागा नव्हती. बायकोला वांचविण्यासाठीं होगन तिच्या अंगावर आडवा झाला. त्यानें त्याचाही जीव वांचला, कारण सुकाणूचा दांडा थेट त्याच्या आसनांतूनच आरपार गेला होता. तिला किरकोळ इजा झाली. त्याचें कंबरेचें हाड दोन ठिकाणीं मोडलें. गळपट्टीचें हाड, एक बरगडी आणि डावा घोटा यांनाही दुखापत झाली.

हाडें सांधूं लागलीं. पण पायांतील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊन त्या फुप्फुसाकडे जाऊं लागल्या. न्यू ऑर्लिन्सचे प्रख्यात शस्त्रवैद्य ऑल्टन ऑक्स्‌नर यांना सैन्याच्या विमानानें एल पासो येथें आणविण्यांत आलें. त्यांनीं शरीराच्या खालच्या भागांतील रक्त हृदयाकडे नेणारी मुख्य नीलाच बांधून टाकली. गुठळ्यांची वाट बंद झाली. परंतु रक्तासही आतां बारीक आडवाटांनीं वर चढावें लागे. त्यामुळें पाय सुजत व ठणकत, आणि ही व्यथा जन्मभर राहिली. ५९ दिवसांनीं तो रुग्णालयाबाहेर पडला. हातांतील विद्या शाबूत होती. प्रश्न चालण्याचा होता.

जून १९५० मध्यें फिलाडेल्फियाजवळ मेरियन येथें राष्ट्रीय खुली स्पर्धा झाली. रोज गरम पाण्यांत बराच वेळ पाय शेकून, मांड्यांपासून घोट्यांपर्यंत लवचीक पट्ट्या गुंडाळून तो मैदानावर येई. शनिवारीं दोन फेरे होते. दुसऱ्या फेऱ्याच्या उत्तरार्धांत पायांतून असा पेटका आला, कीं खळगींतला चेंडू वांकून काढणेंही कॅडीवर सोपवावें लागलें. हातची आघाडी एकेका टोल्यानें गळत गेली. शेवटच्या खळगीपाशीं हिशेब असा, कीं चार टोल्यांत काम झालें तर बरोबरी, पांच लागले तर पराभव. त्याचा चेंडू लक्ष्यापासून दोनशेंहून अधिक यार्डांवर होता. त्यानें पोतडींतून एक नंबरची लोखंडी काठी काढली. वापरण्यास सर्वांत अवघड अशी तिची ख्याति. चेंडू थेट खळगीभोंवतींच्या हिरवळीवर जाऊन थांबला आणि पुढल्या दोन टोल्यांत खळगींत पडला. त्या क्षणाचें हाय पेस्किन यानें पाठीमागून घेतलेलें छायाचित्र अमेरिकेंत सर्वपरिचित आहे.

बरोबरी तिघांची झाली: होगन, लॉइड मॅन्ग्रम व जॉर्ज फॅझियो, प्रत्येकीं २८७ टोले. रविवारीं निर्णयाचा एक फेरा झाला. मॅन्ग्रम हा युद्धांत जखमी झालेला, कसलेला गडी. सोळाव्या खळगीपाशीं तो होगनच्या केवळ एका टोल्यानें मागें होता. इतक्यांत चेंडूवर बसलेला एक किडा फुंकून टाकण्यासाठीं त्यानें चेंडू उचलला! त्या वेळच्या नियमाप्रमाणें दोन टोल्यांचा दंड बसला. शेवटीं होगन ६९, मॅन्ग्रम ७३, फॅझियो ७५. किड्याची कथा सांगून होगनचें यश कमी करणारे कांहीं भेटतात. पण सोळा महिन्यांपूर्वीं खाटेवर पडलेला माणूस चार दिवसांत पांच फेरे चालला, हें त्यांनीं सांगावें.

यानंतर तो मोजक्याच स्पर्धा खेळे. १९५३ सालीं त्यानें सहांपैकीं पांच जिंकल्या. त्यांत ऑगस्टाची मास्टर्स, अमेरिकेची खुली आणि स्कॉटलंडांत कार्नूस्टी येथें झालेली ब्रिटिश खुली या तीन थोर स्पर्धा होत्या. ब्रिटिश खुल्या स्पर्धेंत तो आयुष्यांत एकदांच उतरला. तेथील चेंडू आकारानें लहान, जमीन कठीण, वारा निराळा. म्हणून तो आधींच जाऊन सराव करीत राहिला. चार फेऱ्यांचे आंकडे ७३, ७१, ७० व ६८ असे उतरतेच होते, आणि शेवटच्या दिवशीं तर अंगांत ताप होता. मायदेशीं न्यूयॉर्क शहरानें त्याची मिरवणूक काढली. त्याच्या नऊ थोर विजयांपैकीं सहा अपघातानंतरचे आहेत.

पांचवी राष्ट्रीय खुली स्पर्धा त्याला मिळाली नाहीं. १९५५ सालीं ती हातीं आल्यासारखी वाटत असतांना जॅक फ्लेक नांवाच्या अप्रसिद्ध खेळाडूनें बरोबरी साधली व दुसऱ्या दिवशीं त्याला हरविलें. आणि फ्लेकच्या हातांत काठ्या होत्या त्या होगनच्याच कारखान्यांत घडलेल्या! हा कारखाना होगननें फोर्ट वर्थ येथें काढला होता. तेथील पहिला माल मनाजोगा उतरला नाहीं म्हणून त्यानें तो विकूं दिला नव्हता.

१९६७ सालीं, चौपन्नाव्या वर्षीं, लंगडत चालत त्यानें मास्टर्सचा एक फेरा ६६ टोल्यांत संपविला. १९७१ मध्यें स्पर्धा सोडल्या, पण सराव सुटला नाहीं. घराजवळच्या क्लबांत एका बाजूस तो एकटाच चेंडू टोलवीत उभा असे. २५ जुलै १९९७ रोजीं तो वारला. मेरियनची ती लोखंडी काठी त्याच मुक्कामीं चोरीस गेली होती. १९८३ सालीं ती सांपडून त्याच्याकडे आली. त्यानें ती आपलीच म्हणून ओळखली व अमेरिकन गॉल्फ संघाच्या संग्रहालयास देऊन टाकली. तिच्या पात्यावर एका लहान नाण्याएवढ्या जागींच तेवढी झीज झालेली आहे.