थांबलेल्या खाणी, ताटकळलेली गावे : डिचोली-सत्तरीचा आढावा

खाणीवर जगणाऱ्या गावाचा उद्योग बहुधा दोन कारणांनी संपतो. एक तर भूगर्भातील साठा संपतो, नाहीतर तो वर काढण्याचा खर्च मिळणाऱ्या किमतीच्या पुढे जातो. कोलारच्या सोन्याच्या खाणी दुसऱ्या कारणाने २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. तीन किलोमीटरहून खोल गेलेल्या त्या खाणींतून निघणारे सोने खर्चालाही पुरेनासे झाले होते, आणि तेथील कामगारवस्तीतील अनेक माणसे आता पहाटेच्या रेल्वेने बेंगळुरूला कामावर जातात व रात्री परततात. हे जिणे कष्टाचे खरे, पण खाण पुन्हा पूर्वीसारखी चालणार नाही एवढे तेथे बहुतेकांना ठाऊक आहे. गोव्यातील डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतील गावांना एवढी निश्चितीही लाभली नाही, कारण तेथील खाणी न्यायालयाच्या आदेशाने थांबल्या, लोहखनिज जमिनीत शिल्लक राहिले, आणि उद्योग संपला आहे की केवळ खोळंबला आहे हा प्रश्न वर्षानुवर्षे उघडाच राहिला. त्या गावांच्या जगण्याचे आजचे रूप या अनिश्चिततेनेच घडवलेले आहे.

गोव्याचे लोहखनिज जांभ्याच्या थराखाली सापडते. जांभा म्हणजे उष्ण व पावसाळी हवामानात मूळ खडक झिजून तयार झालेला, लोहाच्या अंशामुळे तांबडा दिसणारा सच्छिद्र दगड. येथील खनिज उघड्या खाणीतून, म्हणजे बोगदे न खणता वरचा डोंगरच उतरवून काढले जाते, आणि एक टन खनिजामागे साधारण दोन ते तीन टन टाकाऊ माती व दगड बाजूला करावे लागतात. या मातीचे ढीग, ज्यांना तेथे सर्वत्र ‘डंप’ म्हणतात, गावांच्या डोक्यावर उभे राहिले, कारण पोर्तुगीज काळात दिलेले खाणपट्टे लहान होते आणि माती ठेवायला पट्ट्यात पुरेशी जागा नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांनी हे खनिज घ्यायला सुरुवात केली. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी चीनची मागणी एवढी वाढली की पूर्वी कमी प्रतीचे म्हणून डंपात टाकलेले खनिजही विकले जाऊ लागले, आणि २०१०-११ मध्ये गोव्याच्या बंदरांतून झालेली निर्यात पाच कोटी टनांच्या पुढे गेली.

या भरभराटीतला पैसा गावात कोणत्या वाटेने येत होता हे पाहिल्याशिवाय पुढची पडझड समजत नाही. यंत्रांमुळे प्रत्यक्ष खाणीतील नोकऱ्या मर्यादितच होत्या. गावाचा खरा धंदा वाहतुकीचा होता. खाणीपासून नदीकाठच्या धक्क्यापर्यंत टिपर ट्रक, तेथून मांडवी व झुआरी नद्यांतून मुरगाव बंदरापर्यंत बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू नौका, अशी ती साखळी होती. त्यामुळे अनेक कुटुंबांनी बँकेचे कर्ज काढून ट्रक घेतले आणि त्यांच्या आधाराने गॅरेज, टायरची दुकाने, खानावळी, भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. ज्यांची शेते खाणीच्या मातीने बुजली त्यांच्यापैकीही पुष्कळांना उत्पन्नाचा उरलेला मार्ग म्हणून ट्रकच दिसला, आणि जे गावाची हानी करत होते तेच गावाला पोसू लागले. सत्तरीतील सोनशी येथे एप्रिल २०१७ मध्ये धूळ आणि पाण्याच्या प्रश्नावरून ग्रामस्थांनी खनिजाचे ट्रक अडवले व चाळीसहून अधिक जणांना अटक झाली. खाणीविरुद्ध उठलेला माणूस आणि खाणीवर जगणारा माणूस हे वेगवेगळ्या गावांतले नसतात, कित्येकदा एकाच घरातले असतात. ही गोष्ट पणजीत वा दिल्लीत बसून मते मांडणाऱ्या खाणसमर्थक व खाणविरोधक अशा दोन्ही बाजूंनी फारशी लक्षात घेतली नाही.

बंदीचा इतिहास थोडक्यात असा. न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला; बेकायदा उत्खननामुळे झालेल्या नुकसानीचा त्यातील अंदाज सुमारे ३५,००० कोटी रुपयांचा होता. राज्य सरकारने लगेच काम थांबवले आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने खाणपट्ट्यांची मुदत नोव्हेंबर २००७ मध्येच संपली असल्याचे ठरवून पुढील उत्खननावर वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. त्यानंतर राज्याने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण केले, तेही ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा थांबल्या.

सहा वर्षांत दोनदा थांबलेल्या या उद्योगाने गावकऱ्यांना वाट पाहायला लावले. दारात उभा ट्रक मोडीत काढावा तर खाण सुरू झाल्यावर नवा घेण्याची ऐपत नाही, ठेवावा तर गंज चढतो. सरकारने ट्रकमालकांना आर्थिक साहाय्य आणि कर्जदारांना सवलत दिली, पण त्या मदतीनेही खाण लवकरच सुरू होईल ही आशा जिवंत ठेवली. शेतीकडे परतणेही सोपे नव्हते. डंपावरून पावसात वाहून आलेली बारीक माती भातखाचरांत बसली की जमीन घट्ट होते, पाणी मुरत नाही, आणि पिढीभर बांधांची निगा न राखल्यामुळे ती सामुदायिक शिस्तही विसरली जाते. साखळीला जुन्या खाणीच्या जागेवर फुटबॉल अकादमी उभी राहिली, काही डंपांवर काजू व आकेशियाची लागवड झाली. हे प्रयत्न स्वागतार्ह आहेत, परंतु त्यांनी ट्रकवर चालणारी घरे चालत नाहीत.

पाण्याचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आहे. खाण भूजलपातळीच्या खाली गेली की काम चालू ठेवण्यासाठी खड्ड्यातले पाणी सतत उपसावे लागते, आणि त्या उपशाने आसपासच्या विहिरी व झरे आटतात. लईराई देवीच्या जत्रेसाठी आणि निखाऱ्यांवरून चालणाऱ्या ‘धोंड’ भक्तांसाठी प्रसिद्ध असलेले शिरगाव खाणपट्ट्यांनी वेढले गेले. तेथील विहिरी कोरड्या पडल्या, आणि हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत पोहोचला. उपसा थांबला की खड्डे भरतात. हे साठे टंचाईच्या काळात उपयोगीही पडतात, आणि गोव्यात उन्हाळ्यात खाणींतील पाणी सार्वजनिक पुरवठ्याकडे वळवण्यात आलेले आहे. मात्र माती ढासळणाऱ्या कडा असलेला, शेकडो फूट खोल, भरलेला खड्डा गावाच्या वरच्या अंगाला असणे म्हणजे काय, ते शेजारच्या दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे जुलै २०२१ मध्ये दिसले, जेव्हा खाणीचा बांध फुटून चिखलाचे पाणी घरांत व बागायतीत शिरले.

जर्मनीच्या रूर खोऱ्यात खाणी बंद झाल्यावरच्या पाण्याची तजवीज आधीच केली गेली. डिसेंबर २०१८ मध्ये तेथील शेवटची दगडी कोळशाची खाण बंद झाली, तेव्हा खचलेल्या भूभागातील पाणी कायमचे उपसत राहण्याचा खर्च कोणी करायचा हे ठरलेले होते, आणि त्यासाठी उद्योगाच्या मालमत्तेतून उभारलेला स्वतंत्र न्यास कार्यरत होता. गोव्यातही २०१४ च्या निकालाने खनिजविक्रीच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम पुढील पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवण्यास सांगितले आहे आणि २०१५ च्या कायदादुरुस्तीने खाणग्रस्तांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करण्याची तरतूद केली. या दोन्हींतला पैसा खड्ड्यांची कायमची देखभाल, बुजलेल्या शेतांची सफाई आणि विहिरींची मोजणी यांवर आधी खर्च व्हावा, अशी मागणी गावांनी ठामपणे करणे आवश्यक आहे, कारण खाणमालक बदलला तरी खड्डा गावाच्याच हद्दीत राहतो.

डिसेंबर २०२२ मध्ये लिलावाने नवे पट्टे देण्यास सुरुवात झाली आणि २०२४ मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात काम पुन्हा सुरू झाले. त्या पट्ट्याच्या नकाशात मुळगावची घरे, देवळे आणि शेती आली असून ती वगळावीत यासाठी ग्रामस्थांनी आंदोलन केले.